पान दाखवा : वाचक बैठकीत कादंबरीवर बोलताना

प्रश्न (गंगाखेडच्या एका शिक्षिकेचा) : तालुक्याच्या ग्रंथालयात आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा जमतो आणि अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्यांवर बोलतो. पण बोलणं म्हणजे एकतर 'छान आहे, सगळ्यांनी वाचा', नाहीतर पहिल्या पानापासून शेवटापर्यंत अख्खी गोष्ट. तरुण मुलं मालिकांचे पाच-पाच भाग वाचून येतात, त्यांचं बोलणं बाकीच्यांच्या डोक्यावरून जातं. मागच्या महिन्यात आमच्याच भागातल्या एका लेखकाच्या कादंबरीवर एक सदस्य स्पष्ट बोलले, तर दुसरे उठून गेले. आता दोघांत अबोला आहे. मत मांडायचं तरी कसं?

उत्तर :

ताई, तुमच्या बैठकीत जे होतंय ते परभणीत होतं, लातुरात होतं, संभाजीनगरात माइक लावून होतं. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली आणि निवृत्त झाल्यावरही आमची बैठक मीच चालवतो, म्हणून थोडं अनुभवाचं सांगतो.

'छान आहे' म्हणणाऱ्याला आळशी समजू नका. त्याला वाचताना खरंच काहीतरी झालेलं असतं. ते नेमकं कुठं झालं, हे त्यानं मागं वळून पाहिलेलं नसतं, एवढंच. अख्खी गोष्ट सांगणाऱ्याचंही तेच. त्याला एखादी जागा फार भिडलेली असते, पण ती एकटी उचलून कशी दाखवायची हे कळत नाही, म्हणून तो सुरुवातीपासून चालत तिथपर्यंत येतो. तोवर चहा येतो आणि ती जागा राहूनच जाते.

आमच्याकडं एकच नियम आहे. बोलायचं तर पुस्तक हातात घेऊन आणि एक पान उघडून. ज्या पानावर तुम्ही थांबलात, हसलात, चिडलात किंवा कंटाळून पुस्तक उपडं ठेवून दिलंत, ते पान. त्यातल्या आठ-दहा ओळी मोठ्यानं वाचायच्या आणि मग त्या ओळींबद्दल बोलायचं. सुरुवातीला लोक लाजतात, 'सगळंच आवडलं, एक पान कसं काढू' म्हणतात. काढू द्या. ते पान शोधताना माणूस घरी पुस्तक दुसऱ्यांदा चाळतो, आणि त्याचं निम्मं मत तिथंच तयार होतं. दुसरा फायदा असा की दोघांचं पटलं नाही तरी दोघांच्या समोर त्याच ओळी असतात. भांडण झालंच तर त्या ओळींवर होतं.

आता आपल्या भागाचा खास आजार. मराठवाड्यात कादंबरीला मिळणारी सगळ्यात मोठी दाद म्हणजे 'अगदी खरं लिव्हलंय, आमच्याकडं असंच असतंय.' दुष्काळ, सोसायटीचं कर्ज, भावकीतला बांधाचा वाद, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, यातलं काही पानावर आलं की माना डोलतात आणि चर्चा तिथंच थांबते. या दादेमागचं कारण मला कळतं. आपल्याकडचं जगणं छापील पानावर यायलाच उशीर झाला. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूतून, वरचं शिक्षण उर्दूतून. त्या काळात बांधकाम खात्यात नोकरी करत बी. रघुनाथ मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले आणि १९५३ मध्ये जेमतेम चाळिशीत गेले. त्यांच्या पिढीतल्या वाचकाला आपलं गाव पुस्तकात दिसणं हीच मोठी गोष्ट होती. आज तसं नाही. आज आपल्या आठही जिल्ह्यांत लिहिणारे आहेत. 'खरं आहे' एवढ्यावर आता भागत नाही. दुष्काळाची बातमीही खरी असते आणि तलाठ्याचा पंचनामाही कधीकधी खरा असतो. कादंबरीनं त्या खऱ्याचं पुढं काय केलं, हे विचारायला हवं.

उदाहरण देतो. सदानंद देशमुखांची 'बारोमास', २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. लेखक बुलढाण्याकडचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. आमच्याकडं ती वाचली तेव्हा पहिली फेरी पूर्ण 'खरं आहे'ची झाली. शिकलेला एकनाथ, नोकरी लागत नाही, शेती परवडत नाही. प्रत्येकाच्या नात्यात एक एकनाथ होताच. मग एका बाईंनी विचारलं, 'एकनाथच्या बायकोला, अलकाला, या घरात राहणं असह्य होतं. ते कादंबरीत किती पानं तिच्या बाजूनं येतं?' सगळ्यांनी पुस्तकं उघडली. एक म्हणाले, तिची चिडचिड दिसते, तिचा विचार दिसत नाही. दुसरे म्हणाले, कादंबरी एकनाथला धरून चालते, त्याला जे उमगत नाही ते पानावर येणार कुठून? तिसरी एक मुलगी, नुकतं लग्न ठरलेली, काही न बोलता दोन पानं वाचून खाली बसली. त्या दिवशी कुणी 'छान आहे' म्हटलं नाही, आणि घरी जाताना तिघांनी पुस्तक परत नेलं. कादंबरी खरी आहे, यावर एकमत होतंच. बोलायला जागा मिळाली ती खऱ्यातला कुठला भाग उजेडात आहे आणि कुठला अंधारात, या प्रश्नामुळं.

अजून एक सांगतो, कारण याच्याइतकं मला कुठल्याच बैठकीनं शिकवलं नाही. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' ही धरणग्रस्तांवरची कादंबरी, १९९२ च्या अकादमी पुरस्काराची. आमच्याकडं तेव्हा एक वयस्कर गृहस्थ येत असत. त्यांचं मूळ गाव पैठणच्या वरच्या अंगाचं, जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेलं. त्या धरणाची पायाभरणी १९६५ ची, काम पुरं झालं १९७६ मध्ये. आणि बाकीचे आम्ही कोण? त्याच धरणाच्या डाव्या कालव्याचं पाणी पिणारे परभणीकर. ज्यांचं गाव गेलं ते आणि ज्यांना पाणी मिळालं ते, एकाच सतरंजीवर बसून एकच पुस्तक वाचत होते. आम्हाला वाटलं, हे आता म्हणणार, 'अगदी असंच झालं.' ते म्हणाले, 'पुस्तकातलं गाव उठताना फार बोलतंय. आमचं गाव बोललंच नाही. पाणी इथवर येतच नसतंय, असंच सगळे म्हणायचे.' मग त्यांनी कचेरीतल्या खेपांची काही पानं काढली आणि म्हणाले, 'इथं मात्र मला पटलं. माझा बाप असाच फायलीमागं फिरला.' कालव्याच्या पाण्यावर ऊस लावलेले आमचे एक सदस्य त्यानंतर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, या कादंबरीत आमच्यासारखी माणसं का नाहीत? धरणानं ज्यांचं भलं झालं, ती? प्रश्न चुकीचा असेल, बरोबर असेल. पण असा प्रश्न परीक्षणात वाचायला मिळत नाही. तो तुमच्या-माझ्यासारख्यांच्या बैठकीतच येतो.

यात एक सावधगिरी मात्र पाळा. त्या गृहस्थांना आम्ही 'तुम्ही धरणग्रस्त, तुम्ही बोला' असं म्हटलं नव्हतं. ते आपणहून बोलले. आपल्याकडं जातीचा विषय असलेली कादंबरी आली की सगळ्या माना बैठकीतल्या एकाच माणसाकडं वळतात. 'तुमच्याकडं असंच असतं का हो?' हा प्रश्न प्रेमानं विचारला तरी वाईटच. तो माणूस वाचक म्हणून आलेला असतो, तुम्ही त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव १९७८ चा आणि नामविस्तार झाला १९९४ च्या १४ जानेवारीला. मधल्या वर्षांचे व्रण इथल्या कितीतरी घरांत आहेत, आणि ते कुणी बैठकीत उघडून दाखवावेत ही अपेक्षाच चूक. त्याला दलित लेखकाच्या पुस्तकाबद्दल जेवढं विचारता तेवढंच एखाद्या रहस्यकथेबद्दलही विचारा. माझा अनुभव असा की आमच्या बैठकीत रहस्यकथांचं सगळ्यात कडक परीक्षण करणारा माणूस नेमका तोच होता.

पान उघडल्यावर काय बघायचं, असं पुढं विचाराल. शाळेत तुम्ही पात्रपरिचय, कथानक, भाषाशैली असे मथळे शिकवत असाल. ते इथं आणू नका, लोक परीक्षेला बसल्यासारखे होतात. मी एकच प्रश्न आधी विचारतो. हे कोण सांगतंय? शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' तुमच्या ग्रंथालयात असणारच, १९६७ ची, पुठ्ठा सुटलेली. ती सगळ्यांनी वाचलेली असते आणि तिच्यावर 'कर्णावर फार अन्याय झाला' यापलीकडं कुणी बोलत नाही. आता असं करा. तीत कर्ण स्वतः सांगतो, कुंती सांगते, दुर्योधन, वृषाली, शोण सांगतात आणि शेवटी कृष्ण. यातला एक निवेदक काढून टाकला तर काय बिघडेल, असं विचारून बघा. आमच्याकडं शोणावरून तासभर वाद झाला. निम्म्यांच्या मते धाकट्या भावाची नजर नसती तर कर्ण घरातला माणूस वाटलाच नसता. मला स्वतःला तो भाग लांबलेला वाटतो आणि सगळे निवेदक एकाच जड भाषेत बोलतात, ही माझी जुनी तक्रार आहे. आमच्या बैठकीत ती कुणाला मान्य नाही.

भाषेचं म्हणाल तर वाचून दाखवण्यासारखं दुसरं काही नाही. आसाराम लोमटे आपल्या जिल्ह्यातले, त्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा अकादमी पुरस्कार मिळाला. असं आपल्याकडचं लेखन मनात वाचलं तर एक असतं, आणि इथल्याच माणसानं मोठ्यानं वाचलं तर दुसरंच होतं. कुठं दम घ्यायचा हे इथल्या माणसाला बरोबर कळतं. निजामाच्या काळावरचं जुनं काही वाचत असाल तर गावातल्या एखाद्या ऐंशीच्या घरातल्या आजोबांना बोलवा. अव्वल तालुकदार म्हणजे कलेक्टर, हे त्यांना कोशात बघावं लागत नाही.

आता मालिका. तुमची तरुण मुलं आणि बाकीचे यांच्यातली अडचण अशी की ऐकणाऱ्याला मुळात कळत नाही, हा मुलगा एका पुस्तकाबद्दल बोलतोय की पाच. मालिका दोन प्रकारच्या असतात आणि दोन्हींवर बोलायची रीत वेगळी आहे.

पहिल्या प्रकारात माणूस तोच, गोष्ट दर वेळी नवी. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, इंग्रजीतला शेरलॉक होम्स. इथं क्रमाला फारसं महत्त्व नसतं. ऐकणाऱ्याला एवढंच हवं असतं की सुरुवात कुठून करू आणि कुठलं सोडलं तरी चालेल. होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत. कुणी मला विचारलं तर मी सांगतो, कथांपासून सुरू करा. पहिली कादंबरी आधी घेतली तर उत्तरार्धात गोष्ट अचानक अमेरिकेत जाते, बरीच पानं होम्सचा पत्ता नसतो, आणि नवखा वाचक तिथंच पुस्तक मिटतो. मालिकेवरचं असं मत दोन मिनिटांत देता येतं आणि त्याचा उपयोग होतो.

दुसऱ्या प्रकारात एकच गोष्ट अनेक भागांत चालते. इथं पहिलं वाक्य ठरलेलं असावं : 'मी अमक्या भागापर्यंत आलोय.' हॅरी पॉटरचे ७ भाग १९९७ ते २००७ अशा दहा वर्षांत आले. जो ते भाग येतील तसे वाचत होता आणि जो आज सुट्टीत सलग वाचून काढतो, त्यांचं मत एक होणं शक्य नाही. पाचवा भाग सगळ्यात जाड. त्यात हॅरी सारखा चिडलेला असतो. वाट बघून वाचणाऱ्यांतले काही त्यावर नाराज होते. सलग वाचणाऱ्या आमच्या एका मुलीला तोच भाग सगळ्यात आवडला, कारण तिच्या मते तोवरचं सगळं सोसून पोरगा चिडला नसता तर खोटा वाटला असता. मत देताना कसं वाचलं तेही सांगायला लावा. तरुणांना तीन मिनिटं द्या आणि तीन गोष्टी विचारा. गोष्ट कुठल्या जगात घडते, कुठला भाग ढिला आहे आणि बैठकीतल्या कुणाला ही आवडेल. तिसऱ्या प्रश्नाला मुलं फार विचार करून उत्तर देतात. 'काकू, तुम्हाला आवडेल, यात सासूचं पात्र आहे' असं एका पोरानं सांगितलं आणि त्या काकूंनी खरंच पहिला भाग नेला.

मराठीत मालिका नाहीत असं या मुलांना वाटतं. त्यांना नेमाड्यांचं चांगदेव चतुष्टय द्या. 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल', याच क्रमानं. पहिला भाग १९७५ चा. चांगदेव प्राध्यापकी करत गावं आणि कॉलेजं बदलत जातो. तिसऱ्या भागाशी आलं की बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं, 'तेच तेच चाललंय.' तिथं थांबू देऊ नका. तेच तेच होणं हा लेखकाचा तोल गेल्याचा पुरावा, की चांगदेवच्या आयुष्याची गोष्टच ती? दोन भागांतली दोन पानं शेजारी ठेवा आणि बघा, दुसऱ्या वेळी काही बदललं का. चांगदेवमध्ये बदललं का, निदान वाचणाऱ्या तुमच्यात तरी? मालिकेबद्दल विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही, आणि तो हॅरी पॉटरलाही लागू पडतो.

नेमाड्यांनी औरंगाबादच्या विद्यापीठात शिकवलं, त्यामुळं इथं चांगदेवच्या भागांवर बोलताना एक खेळ चालतो. हा प्राध्यापक म्हणजे तो अमका, ती बाई म्हणजे ती तमकी. आमच्या बैठकीत याला बंदी आहे. मजा येते हे मान्य, पण असं ओळखपरेड करणारे लोक पुस्तक वाचत नाहीत, गाव वाचतात.

भाग अपुरे असतील तर? नेमाड्यांचीच 'हिंदू' २०१० मध्ये आली ती चार भागांतली पहिली म्हणून. अशा पुस्तकाबद्दल 'पुढं कळेल' असं म्हणून लेखकाला उधारी देऊ नका. हातातला भाग एकटा उभा राहतो का, तेवढं बोला. अर्धवट सुटलेले धागे मोजायला हरकत नाही, पण ते आवडायला की न आवडायला कारण म्हणून नकोत.

शेवट फोडण्याबद्दल मुलं फार हळवी असतात, 'स्पॉयलर नको' म्हणतात. त्यांचं ऐका. पुस्तकाच्या पहिल्या चौथाईवर मोकळेपणानं बोलावं आणि पुढचं सांगायच्या आधी कुणी वाचत असेल तर त्याला हात वर करू द्यावा. एवढं पुरतं. मात्र शेवट हेच पुस्तकाचं भांडवल, ही समजूत त्यांच्या डोक्यातून काढा. कर्ण मरतो हे लपवायचं कुणापासून? तरी 'मृत्युंजय' साठ वर्षं खपतेच आहे.

सिनेमा किंवा वेबसिरीज बघून आलेला माणूस 'वाचलंय' म्हणतो, हा आता नेहमीचा प्रकार. मिलिंद बोकिलांची 'शाळा' आणि सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' यांच्या बाबतीत तर फारच. पान उघडायला सांगितलं की ते आपोआप उघडं पडतं, वेगळं टोकायची गरज नाही.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर बोलायला लाजतात, त्यांना मुद्दाम बोलतं करा. कितव्या पानावर सोडलं आणि त्या पानावर काय चाललं होतं, हे सांगितलं की ते पूर्ण वाचलेल्याच्या मताइतकंच कामाचं असतं. आमच्याकडं एक फार गाजलेली ऐतिहासिक कादंबरी तीन जणांनी जवळपास एकाच ठिकाणी सोडली होती, एका लांबलचक दरबाराच्या वर्णनात. तिघांनाही वाटत होतं, दोष आपलाच. नुसतं 'बोर झालं' मात्र चालू देऊ नका, पान मागा.

मोठ्या नावांची भीती हा यातलाच भाग. त्यावर एक उपाय आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवलेल्या नरहर कुरुंदकरांचं 'धार आणि काठ' ग्रंथालयात असेल तर काढून ठेवा. मराठी कादंबरीवरचं पुस्तक आहे. त्यांची सगळी मतं पटणार नाहीत, मलाही पटत नाहीत. पण एखादी कादंबरी का नावाजायची आणि का नाही, याची कारणं देत देत माणूस कसा बोलतो, ते त्यात दिसतं. बैठकीत त्यातली चार पानं वाचा आणि मग ज्या कादंबरीबद्दल ते बोलतात ती घ्या. कुरुंदकरांशी वाद घालायला लागलेले लोक नंतर गावातल्या लेखकाला घाबरत नाहीत.

आता त्या लेखकाकडं येतो. आपल्याकडं पुस्तकावर जाहीर बोलणं म्हणजे प्रकाशन सोहळा. शाल, श्रीफळ, चार वक्ते, त्यातल्या एकानं पुस्तक वाचलेलं. तिथं कौतुकच बोलायचं असतं आणि त्यात वावगं काही नाही, ते मंगलकार्यच आहे. पण तीच सवय बैठकीत आली की पंचाईत होते. वर लेखक कुणाचा मेहुणा, कुणाचा गुरू, कुणाच्या पोराचा मास्तर असतो. म्हणून आम्ही दोन गोष्टी करतो. इथल्या लेखकाच्या पुस्तकावर पहिली चर्चा त्याच्या गैरहजेरीत, आणि पुढच्या महिन्यात त्याला बोलवून वाचकांनी काढलेल्या पानांबद्दल त्याच्याशीच बोलणं. गैरहजेरीत म्हणजे पाठीमागं बोलणं नव्हे, त्याला आधी सांगूनच ठेवायचं. एकदोघांनी तोंड वाकडं केलं, पण बहुतेकांनी मान्य केलं. त्यातल्या एकानं नंतर मला सांगितलं की प्रकाशनात अकरा हार मिळाले, पण पुस्तकातली चूक कुणी दाखवली नव्हती. तुमच्या लोकांनी ती दाखवली.

दुसरी गोष्ट. स्पष्ट बोलणाऱ्यालाही बंधन आहे. 'लेखकाला बायका कळत नाहीत', 'याला शेती माहीत नाही' असं लेखकावर वाक्य टाकायचं नाही. 'एकशे चाळीसाव्या पानावर सून असं म्हणते, ते मला तिच्या तोंडचं वाटत नाही' असं बोलायचं. बोललं तेवढंच जातं, पण उठून जायला कारण मिळत नाही. तुमच्या त्या सदस्यांनी काय शब्द वापरले मला माहीत नाही. बहुधा ते शब्द पहिल्या प्रकारचे असावेत.

व्हॉट्सॲपचा गट असेलच. त्यावर मागच्या कव्हरवरचा मजकूर फोटो काढून टाकणाऱ्यांना प्रेमानं थांबवा, आणि पाच मिनिटांचा आवाजी मेसेज टाकणाऱ्यांना जरा कमी प्रेमानं. दहा-बारा ओळी लिहायच्या, आवृत्ती कुठली, किती वाचून झालं, कुठलं पान. बैठकीत न बोलणाऱ्या तुमच्या काही बायका तिथं लिहितील, रात्री भांडी आवरल्यावर. तसं झालं तर पुढच्या बैठकीची सुरुवात त्यांच्या ओळींनी करा, मात्र त्यांना विचारून.

राहिला अबोला. समेटासाठी वेगळी बैठक घेऊ नका, 'झालं गेलं विसरा' असं भाषण तर नकोच. तीच कादंबरी पुन्हा ठेवा. जे उठून गेले त्यांना विचारा, तुम्हाला सगळ्यात जास्त आवडलेलं पान कुठलं, ते तुम्ही वाचून दाखवा. जे स्पष्ट बोलले त्यांना सांगा, यातलं तुम्हाला बरं वाटलेलं एक पान तुम्ही आणा. नाही सापडलं तर तसं सांगा, पण शोधून या. मला वाटतं सापडेल. पूर्ण वाईट कादंबरीवर कुणी एवढं चिडत नाही. ग्रंथालयात प्रत एकच असेल तर आणखी दोन प्रती विकतच घ्या, लेखकाकडून भेट घेऊ नका. भेटीच्या प्रतीवर सही असते आणि सही दिसली की लोक पुन्हा 'छान आहे' म्हणायला लागतात. तारीख ठरली की कळवा. परळीकडं जाणाऱ्या गाडीनं मीही येईन.